चौक एकच घ्या, पण मापून घ्या

प्रश्न : आम्ही सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहोत, चौघांचा ग्रुप. शाळेसमोरचा एक चौक नव्याने डिझाइन करायचा असा प्रोजेक्ट घेतलाय. चौकात दोन शाळा, एसटी स्टँडकडे जाणारा रस्ता, रिक्षा स्टँड आणि चारही बाजूंना दुकानं आहेत. आर्किटेक्चरची एक मैत्रीण ड्रॉइंगमध्ये मदत करते. पहिल्या टप्प्यात लिटरेचर रिव्ह्यू झाला. आता गाईड म्हणतात, "यात इंजिनिअरिंग कुठंय? सेन्सर लावा, स्मार्ट सिग्नल करा." मैत्रीण म्हणते, सेन्सरचा संबंधच नाही, रस्ता चालणाऱ्यांसाठी हवा. कॉलेजकडे व्हिसिम या ट्रॅफिक सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नाही, एक जण क्रॅक व्हर्जन आणून देतो म्हणतोय. पावसाळ्यात चौकात पाणी साचतं, तेही घ्यायचं का? सबमिशन एप्रिलअखेर आहे. डोकं चालेनासं झालंय.
— एक ग्रुप लीडर, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर :

गाईड आणि मैत्रीण यांच्यात फार मोठा वाद आहे असं वाटत नाही. दोघांसमोर त्या चौकाचा एकही आकडा नाही, म्हणून दोघं आपापल्या आवडीचं बोलतायत. तुमच्या हातात जेमतेम तीन महिने आहेत. त्यातला पहिला दीड महिना फक्त मापं घेण्यात घाला. सेन्सर, सॉफ्टवेअर, मॉडेल हे सगळं त्यानंतर, आणि वेळ उरला तरच.

आधी विषय आवळा. 'चौकाचं रिडिझाइन' म्हटलं की सिग्नल, पार्किंग, ड्रेनेज, झाडं, फेरीवाले सगळंच त्यात येतं आणि कशालाच नीट हात लागत नाही. एवढाच प्रश्न धरा : शाळा सुटताना रस्ता ओलांडायला मुलांना किती वेळ लागतो, त्या वेळी गाड्या किती वेगाने येतात, आणि कोपऱ्याचे कर्ब (फुटपाथच्या कडेचे दगड) पुढे आणले तर दोन्ही किती कमी होतात. पाणी साचू नये आणि एसटी वळावी या दोन अटी म्हणून लिहा. ड्रेनेजचा स्वतंत्र प्रोजेक्ट करू नका, पण पाण्याकडे दुर्लक्षही करू नका. का, ते पुढे येतंच.

नकाशापासून सुरुवात करा. उपग्रहचित्रावरून गिरवलेला बेस मॅप एक्स्टर्नलना (बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना) बघताक्षणी कळतो. त्यात झाडाखालचा कर्ब दिसत नाही, आणि गटाराच्या स्लॅबवर आलेली दुकानाची पायरी तर नाहीच नाही. सर्व्हेच्या लॅबमधलं टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकत्र मोजणारं यंत्र) घ्या आणि रविवारी सकाळी सहा ते आठ या वेळात काम उरका. कंपाउंड भिंती, पायऱ्या, ओटे, विजेचे खांब, फीडर पिलर, मॅनहोल, चेंबर, झाडांच्या बुंध्यांचा घेर, रिक्षा स्टँडची रांग, टपऱ्या, असं सगळं उचला. चौकापासून प्रत्येक बाजूला ७५ ते १०० मीटर पुरे. नगररचना विभागातून विकास आराखड्याचा पार्ट प्लॅन घ्या. कागदावर रस्ता १८ मीटर असेल आणि जागेवर १५.४ भरेल, हे नेहमीचंच. दोन्ही रेषा दाखवा, पण डिझाइन जागेवरच्या रुंदीत बसवा. अतिक्रमण निघेल असं गृहीत धरून काढलेला क्रॉस सेक्शन (रस्त्याचा आडवा छेद) म्हणजे नुसतं स्वप्नरंजन.

आता लेव्हल, म्हणजे जागेची उंची. हाच भाग बहुतेक ग्रुप टाळतात, आणि प्रत्यक्षातले फुटपाथ फसतात तेही इथेच. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन दर ५ मीटरवर आडवा छेद घ्या. प्रत्येक छेदात निदान सात बिंदू हवेत : दोन्हीकडच्या दुकानांचे उंबरे, दोन्हीकडे कर्बचा माथा आणि पायथा, आणि रस्त्याचा मध्य. फेरी जिथून सुरू केली तिथेच बंद करा. पाचसहाशे मीटरच्या फेरीत त्या बिंदूच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या लेव्हलमध्ये १० मिमीच्या आत फरक आला तर चालेल, त्याहून जास्त आला तर पुन्हा घ्या.

हे कशासाठी, ते आकड्यांत बघा. रस्त्याच्या कडेची लेव्हल १००.००० मीटर धरा. १५० मिमीचा कर्ब बसवला की माथा १००.१५०. फुटपाथ २.५ मीटर रुंद आणि रस्त्याकडे २ टक्के उतार म्हणजे ५० मिमी, तर फुटपाथची मागची कड १००.२०० वर जाते. दुकानाचा उंबरा १००.१२० असेल तर फुटपाथ उंबऱ्यापेक्षा ८० मिमी उंच झाला. पहिल्याच वळवाला पाणी दुकानात जाणार आणि दुकानदार दुसऱ्या दिवशी नगरसेवकाकडे. कर्ब १०० मिमीवर आणला तरी कड १००.१५० येते, अजून ३० मिमी वरच. उपाय कर्बात नाही, रस्त्यात आहे. दर डांबरीकरणाला २५ ते ४० मिमीचा थर जुन्यावरच चढतो, त्यामुळे काही वर्षांत रस्ता वर आणि दुकानं खाली राहतात. कडेला ५० मिमी मिलिंग केलं, म्हणजे जुना थर खरवडून काढला, तर कड ९९.९५०, त्यावर १०० मिमीचा कर्ब म्हणजे १००.०५०, मागची कड १००.१००. उंबरा २० मिमी वर राहिला, काम झालं. मात्र मिलिंग केलं की मॅनहोलच्या फ्रेमही तेवढ्याच खाली घ्याव्या लागतात. ते एस्टिमेटमध्ये धरायचं राहून जातं, आणि मग नव्या रस्त्यात झाकणं वर आलेली दिसतात.

हे एक पान ब्लॅक बुकमध्ये (प्रोजेक्टच्या अंतिम अहवालात) गेलं तरी 'इंजिनिअरिंग कुठंय' हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

पाण्याचं दुसरं कारण तुमच्याच डिझाइनमध्ये तयार होतं. कोपरा पुढे आणला की कडेने वाहणाऱ्या पाण्याची वाट अडते. वरच्या बाजूला डबकं होतं, आणि तेही नेमकं जिथे मुलं रस्ता ओलांडायला उभी राहतात तिथे. यावर दोन मार्ग आहेत. एक, अडथळ्याच्या वरच्या अंगाला नवीन जाळीचं चेंबर. दुसरा, जुन्या कर्बला लागून साधारण ३०० मिमीची नाली तशीच ठेवून तिच्यावर काढता येणारी जाळी. जाळी काढता येणारीच हवी, नाहीतर प्लास्टिक अडकलं की साफ कोण करणार? किती पाणी येतं ते रॅशनल सूत्राने काढा. चौकाकडे येणारं क्षेत्र ०.४ हेक्टर, पाणी वाहून येण्याचा गुणांक ०.९, पाऊस तासाला ६० मिमी धरला तर ०.९ × ६० × ०.४ ÷ ३६० = ०.०६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर. तुमच्या शहराची पावसाची तीव्रता हवामान विभागाच्या नोंदींवरून घ्या, दुसऱ्याच्या रिपोर्टमधून उचलू नका.

कोपरा किती पुढे आणता येईल हे ठरवायला सॉफ्टवेअरआधी जमिनीकडे बघा. जिथे चाकं जात नाहीत तिथे धूळ, खडी आणि पाला साचतो. झाडू न फिरलेल्या दिवशी वरच्या गॅलरीतून फोटो काढला तर चौकात धुळीचे तीन-चार त्रिकोण स्पष्ट दिसतात. त्या कडांवर खडूने खुणा करून टोटल स्टेशनने उचला. आज कुणीही न वापरलेला तेवढा डांबरी तुकडा चालणाऱ्यांना देता येतो, हे सिद्ध करायला याहून स्वस्त पुरावा नाही. मग एसटी बस तपासा. साधारण ११-१२ मीटरची बस वळताना मागचं चाक आत कापतं. ते कुठून जातं ते आठ-दहा बसच्या व्हिडिओवरून नकाशावर उतरवा. मागच्या चाकाच्या वाटेपासून कर्ब अर्धा मीटर तरी लांब हवा, नाहीतर तो महिनाभरात फुटतो. ज्या कोपऱ्यावरून एसटी वळतच नाही तिथे त्रिज्या ४-५ मीटरवर आणायला हरकत नाही. चारही कोपरे सारखे करायचा मोह आवरा.

मोजणीचं वेळापत्रक शाळेच्या घंटेवर लावा. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात ही पुस्तकातली गर्दी तुमच्या चौकाची नाही. दोन्ही शाळा दुबार भरत असतील तर खरी कोंडी सकाळची शाळा सुटून दुपारची भरते तेव्हा, पावणेबारा ते एकच्या आसपास. मोजणीला मंगळवार ते गुरुवार घ्या. शनिवारी शाळा सकाळची असते, आठवडी बाजाराच्या दिवशी सगळंच वेगळं. बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की शाळांच्या वेळा बदलतात आणि उन्हं तापली की शाळा सकाळच्या होतात, म्हणून हे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलंच पाहिजे.

चार रस्ते, प्रत्येकाची तीन वळणं, म्हणजे बारा प्रवाह. चौघांना उभं राहून ते मोजता येणार नाहीत. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोन मोबाइल समोरासमोरच्या कोनांतून लावा. एकच लावला तर बस उभी राहिली की तिच्यामागच्या दुचाक्या गायब. ७२०पी पुरतं, १०८०पी ठेवलं तर तासाला साधारण सहा ते आठ जीबी जातात आणि मोबाइल तापून मध्येच बंद पडतो. गॅलरीच्या मालकाची परवानगी आधी घ्या. मुलांचे चेहरे आणि नंबरप्लेट असलेलं चित्रण स्टेटसला टाकायचं नाही, हे ग्रुपमध्ये बजावून सांगा. नंतर बसून एकाने एका वेळी एकच वळण मोजावं, १५-१५ मिनिटांच्या रकान्यांत. कुठलाही एक रकाना दोघांनी वेगवेगळा मोजा. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर मोजण्याची पद्धत चुकतेय.

पंधरा मिनिटांचा हट्ट का? समजा बारा ते एकमध्ये ३१०, ५४०, ४२०, २९० अशी वाहनं आली. तासाची बेरीज १५६०. पण पीक अवर फॅक्टर (गर्दी तासभर किती सारखी पसरलीय त्याचं माप) = १५६० ÷ (४ × ५४०) = ०.७२. म्हणजे तासाच्या सरासरीने रस्ता निवांत दिसतो, आणि सव्वाबारा ते साडेबारा या वेळात तिथे पाय ठेवायला जागा नसते. तुमच्या डिझाइनचा विषय ती पंधरा मिनिटं आहेत.

पीसीयू (प्रत्येक वाहन किती कारइतकं धरायचं ते एकक) काढताना एक चूक हमखास होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ मध्ये गुणांकाचे दोन रकाने आहेत : त्या प्रकारच्या वाहनांचं प्रमाण ५ टक्के असताना एक आणि १० टक्के किंवा जास्त असताना दुसरा. वरच्या १५६० मध्ये १००० दुचाक्या, १८० रिक्षा, २८० कार, ३० बस, ७० सायकली असतील, तर दुचाकी ०.७५ आणि रिक्षा २.० बरोबर. पण बस दोन टक्केच आहेत, त्यांना ३.७ नाही, २.२ लागतो, आणि सायकलींना ०.४. एकूण ७५० + ३६० + २८० + ६६ + २८ = १४८४. सरसकट दुसरा रकाना लावला तर १५३६ येतात. फरक थोडा आहे, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. शिवाय हे गुणांक चौकाबाहेरच्या सरळ रस्त्यासाठी आहेत. चौकाच्या क्षमतेसाठी २०१७ च्या इंडो-एचसीएममध्ये (रस्त्यांच्या क्षमतेच्या भारतीय पुस्तिकेत) सिग्नल असलेल्या आणि नसलेल्या चौकांची वेगळी प्रकरणं आहेत, ती वापरा.

पादचारी मोजताना नुसते आकडे नकोत, ते कुठून कुठे ओलांडतात त्या रेषा नकाशावर काढा. झेब्रा जिथे रंगवलाय तिथून कुणी जात नसेल तर झेब्रा चुकीच्या जागी आहे, माणसं नाहीत. नियंत्रित क्रॉसिंग हवं की नको याला आयआरसी १०३ मधला 'पी गुणिले व्हीचा वर्ग' (पी म्हणजे पादचारी, व्ही म्हणजे वाहनं) हा जुना निकष अजून उपयोगी पडतो. तासाला ४०० माणसं आणि ९०० वाहनं असतील तर ४०० × ८,१०,००० = ३२.४ कोटी. दुभाजक नसेल तर मर्यादा १० कोटी, असेल तर २० कोटी. दोन्ही ओलांडली. गेटसमोर व्हॅन आणि रिक्षा किती वेळ थांबतात तेही दर पाच मिनिटांनी लिहा. व्हॅनवाल्या काकांशी दहा मिनिटं बोललात तर कुठली गाडी कुठे आणि का लागते ते आपसूक कळेल, प्रश्नावली छापायची गरज नाही.

वेगासाठी स्टॉपवॉच नको. ३० मीटरचं अंतर ताशी ३० किमीने ३.६ सेकंदांत कापलं जातं. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तरी साडेपाच टक्के गेले. तेच व्हिडिओत मोजा : रस्त्यावर ३० मीटरवर दोन खुणा, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे १०८ फ्रेम. एका फ्रेमची चूक झाली तर एक टक्का. निदान १०० मोकळी वाहनं घ्या, म्हणजे पुढच्या गाडीमागे अडकलेली नकोत, आणि ८५ वा पर्सेंटाइल (८५ टक्के वाहनं ज्याच्या आत असतात तो वेग) काढा. सरासरी वेग सांगून उपयोग नाही, मुलांना धोका सरासरीपेक्षा जोरात येणाऱ्यांकडून असतो.

आता सेक्शन. १५.४ मीटरमध्ये : दोन्हीकडे २.३ मीटर फुटपाथ, त्यात भिंतीलगतचे ०.५ आणि चालायला मोकळे १.८, एका बाजूला २.२ मीटर पार्किंग आणि रिक्षा. दुसऱ्या बाजूला १.६ मीटर खांब, झाडं आणि बाकडी; मध्ये ७ मीटर रस्ता. चौकाजवळ पार्किंगची पट्टी बंद करून कोपरा पुढे आणला की ओलांडायचं अंतर आजच्या ११ वरून ७ मीटरवर येतं. १.२ मीटर प्रतिसेकंद वेगाने ९.२ सेकंदांचे ५.८ होतात. आजीचं बोट धरलेल्या पहिलीच्या मुलासाठी ०.८ धरा, मग १३.७५ चे ८.७५. हे पाच सेकंद म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचं उत्तर. पुण्यातला जंगली महाराज रस्ता बघायला जरूर जा, टेप घेऊन जा, आणि पुणे महापालिकेची २०१६ ची रस्ते डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं सोबत ठेवा. पण तिथला सेक्शन उचलून आणू नका. तो रस्ता एकेरी आहे आणि तुमच्यापेक्षा बराच रुंद. फाटकांसमोर फुटपाथ खाली-वर करू नका, फुटपाथ सपाट ठेवून गाडीला चढू द्या. तेवढ्या भागात ८० मिमीचे पेव्हर ब्लॉक, बाकी ६० मिमी चालतात. बोलार्डबद्दल (गाड्या अडवणाऱ्या ठेंगण्या खांबांबद्दल) खरं सांगायचं तर, व्हीलचेअर जाईल एवढी, म्हणजे निदान ९०० मिमीची फट ठेवली की तिच्यातून दुचाकीही जातेच. त्यामुळे बोलार्डने दुचाकी थांबतील असा दावा करू नका.

मग सेन्सरचं काय? गाईडना टेबलावरचा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि अर्ड्युइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) अपेक्षित असेल तर आधी त्याची मर्यादा बघा. प्रोजेक्टच्या दुकानात मिळणाऱ्या एचसी-एसआर०४ चा पल्ला चार मीटर आहे. समोर काहीतरी आहे एवढंच तो सांगतो. एक रिक्षा आणि तिला चिकटलेल्या तीन दुचाक्या त्याला एकच वस्तू वाटते. आपल्याकडे लेन पाळली जात नाही, त्यामुळे लेनवर बसवून उपयोग शून्य. दुसरा प्रस्ताव घेऊन जा : व्हिडिओवरून वाहनं मोजणारं मॉडेल चालवायचं आणि तुमच्या हाताने मोजलेल्या आकड्यांशी ताडून प्रत्येक वाहनप्रकाराची चूक टक्क्यांत मांडायची. योलोची (चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या प्रोग्रामची) तयार मॉडेलं बहुधा कोको या चित्रसंचावर शिकवलेली असतात, आणि कोकोत रिक्षा हा प्रकारच नाही. तुमच्या १८० रिक्षा कधी कार, कधी ट्रक म्हणून मोजल्या जातील. दुचाकीवर बसलेला माणूस वेगळा 'माणूस' म्हणूनही मोजला जातो, त्यामुळे पादचारी भलतेच वाढतात. आपल्याच चित्रणातल्या काहीशे रिक्षा चौकटी आखून मॉडेलला शिकवा आणि आधीची-नंतरची चूक दाखवा. यात इलेक्ट्रॉनिक्स आलं, संगणक आला आणि चौकाला उपयोगही झाला. गाईड नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर अल्ट्रासॉनिकच्या चार मीटरचा मुद्दा नम्रपणे, आकड्यासकट पुढे ठेवा.

व्हिसिमच्या क्रॅक व्हर्जनला हात लावू नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक्स्टर्नलनी लायसन्स विचारलं तर अख्खं प्रकरण बाद होईल. सुमो हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे, जर्मनीच्या डीएलआर संस्थेने बनवलेलं. त्यात दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. नेटवर्क तयार करतानाच डाव्या बाजूच्या वाहतुकीचा पर्याय लावा, नाहीतर गाड्या उजवीकडून धावतात आणि हे शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं. आणि सबलेन मॉडेल (एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी-शेजारी चालू देणारं) चालू करा, त्याशिवाय दुचाक्या कारच्या मागे शिस्तीत रांग लावतात, जे आपल्याकडे दिसणार नाही. मग जीईएच (मॉडेलचे आणि जागेवरचे आकडे किती जुळतात त्याचं माप) तपासा. मॉडेलमध्ये ६०० आणि जागेवर ५२० वाहनं असतील तर २ × ८० × ८० ÷ ११२० = ११.४, त्याचं वर्गमूळ ३.४. पाचच्या आत आहे, चालेल. निदान ८५ टक्के प्रवाहांत पाचच्या आत हवं. एवढं जमत नसेल तर सिम्युलेशन सोडून द्या. कॅलिब्रेट न केलेलं रंगीत ॲनिमेशन दाखवण्यापेक्षा दोन पानांचं हाताने केलेलं गणित बरं.

जमलं तर एक दिवस जागेवर चाचणी घ्या, शाळेच्या वेळेत दोन तास. नवीन कर्बची रेषा फक्कीने आखायची, तिच्यावर ट्रॅफिक कोन आणि वाळूची पोती. अर्ज वाहतूक शाखेला आणि महापालिका किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीने, सोबत ए३ नकाशा, तारीख, वेळ आणि दोघांचे मोबाइल नंबर. निदान तीन आठवडे आधी द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्याच फेरीत पोलिसांकडे गेल्या तीन वर्षांतल्या त्या चौकातल्या अपघातांची माहिती मागा. माहिती अधिकाराने मिळते, पण त्याला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून तो अर्ज आजच टाका. चाचणीत सगळ्यांनी चमकणारी जॅकेट घाला आणि फुटपाथवरच उभे राहा. एक सापळा आहे : चाचणीला हवालदार आले की सगळेच हळू जातात, आणि वेग घटल्याचं श्रेय तुम्ही कोनांना देता. त्यामुळे आधीची मोजणीही एक दिवस हवालदार उभे असताना करून ठेवा आणि तुलना तिच्याशीच करा. परवानगी मिळाली नाही तर चाचणी कॉलेजच्या आवारात घ्या, निदान बसचं वळण तरी तपासता येईल. परवानगीशिवाय रस्त्यावर एकही कोन ठेवायचा नाही.

आता हाताने बनवायच्या मॉडेलबाबत थोडक्यात. सगळे १:२०० ला ३ मिमी सनबोर्डचा फुटपाथ कापतात. त्या प्रमाणात ३ मिमी म्हणजे ६०० मिमी, गुडघ्याएवढा फुटपाथ! चौकाचा फक्त ६० × ६० मीटरचा गाभा १:१०० ला करा. ६० सेंटिमीटरची पाटी होते आणि दीड मिमी जाडीचा माउंट बोर्ड बरोबर १५० मिमीचा कर्ब दाखवतो.

एस्टिमेट सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवर करा. खांब हलवणं, राडारोडा वाहून नेणं आणि जीएसटी या तीन ओळी बहुतेक रिपोर्टांत सापडत नाहीत. त्यातला खांबांचा खर्च कधीकधी फुटपाथपेक्षा जड जातो. वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन अंदाज घ्या, किंवा खांब न हलवता डिझाइन करा. १.६ मीटरची पट्टी त्यासाठीच ठेवली आहे.

राहिली मैत्रीण. तिची फाइल मिलिमीटरमध्ये असणार आणि तुमचा सर्व्हे मीटरमध्ये. एकात दुसरी घातली की चौक हजार पटींनी लहान किंवा मोठा होतो आणि प्रिंटच्या आदल्या रात्री रडारड. आजच एकक ठरवा, मीटर घ्या, टोटल स्टेशनचे कोऑर्डिनेट तसेच ठेवा, आणि दोघांनी एकाच बेस फाइलचा एक्स-रेफ (आपल्या ड्रॉइंगला जोडलेली मूळ फाइल) वापरा. तिने सेक्शन बदलला की त्याच दिवशी तुमची लेव्हलची शीट बदलली पाहिजे, दोन वेगळी ड्रॉइंगं चालणार नाहीत. ब्लॅक बुकवर विद्यापीठाच्या नियमाने नावं फक्त तुमच्या चौघांची येतील. पण कुठल्या शीट तिच्या आहेत ते ऋणनिर्देशात आणि शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये स्पष्ट लिहा. तिला पोर्टफोलिओसाठी एचओडींच्या सहीचं पत्रही लागेल, ते मार्चमध्येच घेऊन ठेवा. मे महिन्यात ऑफिसात सही करायला कुणी सापडत नाही.